ओटीतल्या दोन सुट्या तारा

आधी एक कबूल करते. या सदरात मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या चुका काढायला येत होते. जुने वाचक मला ओळखत असतील. कोणी 'झोपेत छातीवर कुणीतरी बसलं' असं लिहिलं की खाली 'हा झोपेचा आजार आहे, डॉक्टरला दाखवा' असं लिहिणारी ती आगाऊ बाई म्हणजे मीच. माळ्यावर पावलं वाजली? उंदीर. दार आपोआप उघडलं? बिजागरी बघा. एका ताईंनी तर मला ब्लॉकच केलं... बरोबर केलं म्हणा.

मी जळगाव जामोदला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घर आमचं बौद्ध. आमच्याकडे भूत नाही, अंगात येणं नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. बाबा शाळामास्तर होते. बावीस प्रतिज्ञा त्यांनी आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारख्या पाठ करून घेतल्या होत्या. आणि कोणी काही सांगितलं की त्यांचं एकच – "तपासून पाह्यलं का?" आज ते असते आणि मी इथे, 'अमानवीय अनुभव' या मथळ्याखाली लिहितेय हे त्यांना कळलं असतं, तर ते ओरडले नसते. चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं. तेवढ्यानंच माझं पाणी पाणी व्हायचं.

तर बाबा, तपासून पाहिलं. जेवढं मला येतं तेवढं सगळं. आता वाचकांनो, तुम्ही माझ्या चुका काढा. मनापासून सांगते, एखादी सापडली तर मला बरंच वाटेल.

माझी माय वरवट बकालला दादा-वहिनीकडे राहते. शेती दादा बघतो, घर सुजाता वहिनी बघते, आणि मायला बघायला मी दुपारी कॉलेज सुटलं की स्कूटीवरून जाते. माय म्हणजे कापूस वेचणारी बाई. आयुष्यभर वेचला – आधी दुसऱ्यांच्या वावरात, मग आमच्या. कमरेला ओटी बांधायची, म्हणजे जुन्या लुगड्याची झोळी, आणि दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, वेचत निघायची. बाकी बायांचा उजवा हात चालतो, डावा नुसता फांदी धरतो. मायचा डावा उजव्यापेक्षा तेज. बोंडाच्या कडा काट्यासारख्या असतात, पण तिच्या डाव्या हाताला कधी ओरखडा मी पाहिला नाही. पुढे जायचा, जरासा बुडायचा, आणि कमरेशी येऊन रिकामा व्हायचा. लहानपणी बांधावर बसून मी ते तासन्‌तास बघायची, झोप यायची बघता बघता.

मागच्या हिवाळ्यात मायच्या मेंदूला झटका आला. उजव्या बाजूला, म्हणून डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू भार घ्यायला लागला. पण हात? हात तर हलेनाच, आणि वर एक विचित्र गोष्ट झाली. मायला तो हात आपला वाटेना.

"हा हात कोनाचा होय वं, मित्रा?" दवाखान्यातून आणल्यावर तिनं मला पहिल्यांदा विचारलं. माझं नाव संघमित्रा, घरात मित्रा.

"तुहाच होय माय, कोनाचा असन?"

"चाल! माहा असता तं असा मुरदाड पडून राह्यला असता का? कोन्या बाईचा हाय. सकाळपासून बसून राह्यली माह्याजवळ, जायचं नावच नाही घेऊन राह्यली."

आम्ही हसलो. देवाशपथ – बघा, आमच्या घरात देव नाही तरी शपथ सुटत नाही – आम्हाला वाटलं ती थट्टा करते आहे. मग एक दिवस वहिनीनं तिच्या उजव्या हातात चहाचा कप दिला, तो कलंडला आणि कढत चहा डाव्या मनगटावर सांडला. चांगला फोड आला. माय त्या फोडाकडे बघते आणि शांतपणे म्हणते, "भाजलं वाटते तिले. काही लावा नं बिचारीले."

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडले नाही, मी भडकले. मला भीती वाटली की मी भडकते, हा माझा स्वभाव आहे.

शेगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी नीट समजावलं. अशा झटक्यात काही पेशंटना आपलाच हात परका वाटतो. हाताच्या नसा पूर्ण मेलेल्या नाहीत, पण हात आपलाच नाही म्हटल्यावर तो हलवायचा प्रयत्न कोण करणार? "सुरुवातीच्या महिन्यांत आला तर आला," त्या म्हणाल्या. "नंतर फार अवघड. काहीही करा, पण आईंना हा हात त्यांचा वाटायला हवा." एवढंच होतं आमच्यापुढे. मायला तिचा हात परत हवा होता आणि तिला ते माहीतच नव्हतं.

म्हणून मी ते यंत्र केलं.

आता जरा फिजिक्स. कंटाळू नका, पुढे सगळं याच्यावरच आहे. खेळाच्या रिमोटवर असते तशी छोटी जॉयस्टिक घ्या. तिच्या पोटात दोन पोटेन्शिओमीटर असतात. नाव मोठं आहे, वस्तू साधी आहे – जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण म्हणजे पोटेन्शिओमीटरच. आत एक काळी पट्टी. तिच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य. पट्टीवरून एक बारीक पत्रा सरकतो, आणि तो जिथे टेकला असेल तिथला व्होल्टेज मधल्या तारेतून बाहेर येतो. ही मधली तार कंट्रोल बोर्डाच्या पिनेला जोडायची. बोर्ड त्या व्होल्टेजचा आकडा करतो, शून्यापासून एक हजार तेवीसपर्यंत. दांडी सोडून दिली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते आणि आकडा पाचशेबाराच्या आसपास येऊन थांबतो. एक पोटेन्शिओमीटर डाव्या-उजव्यासाठी, दुसरा पुढे-मागेसाठी. आकडा बदलला की बोर्ड तेवढीच मोटार फिरवतो. झालं. टोकांच्या तारा वीज देतात, मधल्या दोन तारा हाताचा निरोप नेतात. एवढं लक्षात ठेवा.

माझा विचार असा – मायच्या बोटात डोळ्याला न दिसणारी जरी हालचाल असली, तरी जॉयस्टिकला ती कळेल. मग तिच्या समोर एखादा मोठा हात हलला, तर तिला वाटेल की हे मी केलं. कॉलेजच्या लॅबमधला मोडका रोबोटचा हात होता, प्लास्टिकचा, दोन मोटारींचा. तो दुरुस्त केला; पुढे झुकला की त्याचं टोक आपसूक थोडं खालीही जायचं. त्याच्या टोकाला वहिनीची क्रोशाची सुई बांधली, कारण कापूस सुईच्या आकड्यात आपसूक अडकतो. जॉयस्टिकसाठी मायचीच जुनी ओटी घेतली, तिची छोटी उशी शिवली, आत कापूस भरला, दांडीचं टोक तेवढं काजातून वर काढलं. म्हणजे हात उशीवर ठेवला की तळव्याखाली दांडी आली. टेबलावर सगळं तपासलं होतं, झकास चाललं होतं. मग जॉयस्टिक उशीत घातली, कापूस ठासला आणि टाके घातले. शिवल्यावर मात्र पुन्हा तपासलं नाही. वर्गात पोरांना बजावून बजावून सांगते की डबा बंद केल्यावर पुन्हा तपासा म्हणून, आणि स्वतः...

मायची खाट त्या दिवसांत कापसाच्या खोलीत होती. तुमच्याकडे असेल तर माहीत असेल. बाजारात चांगला भाव मिळेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. आमच्या त्या खोलीत तो खिडकीच्या गजांपर्यंत आला होता. अंगाला खाज सुटते त्यानं, वहिनी रोज कटकट करायची, पण माय दुसऱ्या खोलीत झोपायला तयार नव्हती. आणि त्या खोलीत एक गंमत असते – आवाजच होत नाही. रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारच्या बकऱ्या, मसाला दळणारी चक्की, सगळं आत येईपर्यंत मऊ होऊन जातं. दुपारी खिडकीतून ऊन यायचं आणि त्या उन्हात कापसाची लव तरंगत राहायची, खाली बसायचीच नाही. आपण बोललो तरी वाटायचं की कोणीतरी दूर बोलतंय. मला तिथे पाच मिनिटांत पेंग यायची.

अशा एका दुपारी मी स्टुलावर यंत्र मांडलं. वहिनीनं तेलाच्या डब्यात माती भरून एक पऱ्हाटी उभी केली, वावरातून उपटून आणलेली, फुटलेल्या बोंडांसकट. मायचा डावा हात उचलून मी उशीवर ठेवला. जड होता, गार होता.

"त्या बाईले काऊन उचलून राह्यली?" माय म्हणाली. "निजू दे तिले."

"तिले कामाले लावतो," मी म्हटलं.

स्विच दाबला. थोडा वेळ काहीच नाही. मग... यंत्राचा हात हलला.

अगदी हळू. पुढे गेला, पऱ्हाटीपाशी थांबला, जरासा बुडाला. सुईला पांढरा पुंजका लागला. मग तो तसाच मागे आला, डावीकडे वळला आणि एका जागी क्षणभर थांबला. परत पुढे. मी आनंदानं ओरडलेच. "माय, पाह्य! तू हलवून राह्यली!" मी तिच्या बोटांकडे बघितलं, ती हलत नव्हती, पण मला काय त्याचं? मी तर म्हणतच होते की डोळ्याला दिसणार नाही म्हणून. वहिनी धावत आली, तिनं टाळ्याच वाजवल्या.

माय मात्र डोळे बारीक करून त्या यंत्राकडे बघत होती. खूप वेळ. मग म्हणाली, "वेचते तं बरी. कोनाच्या हाताखाली शिकली हे?"

तेव्हापासून रोज दुपारी हाच कार्यक्रम. मी यायची, उशी मांडायची, स्विच दाबायची. माय उजव्या हातावर रेलून बसायची आणि त्या यंत्राशी बोलायची. "हळू वं, पाती नको आणू संगं." "वरचं बोंड राह्यलं न." "अशी आळशी बाई कोनी ठेवली कामाले, एका जागी किती वेळ थांबते!" अन् हसायची. झटक्यानंतर माय हसायचं विसरली होती, ते हसू आता परत आलं होतं. एकदा बोलता बोलता तिचा डोळा लागला. हात उशीवर तसाच. मी यंत्र बंद करणार, तेवढ्यात बघते तर ते जास्तच सुरेख चाललंय. पुढे, खाली, डावीकडे. पुढे, खाली, डावीकडे. खोलीत तिचा श्वास आणि मोटारीचा बारीक सूर, बाकी काही नाही. मीही भिंतीला टेकून बसले आणि मला वाटायला लागलं की मी बांधावर बसले आहे. किती वेळ गेला सांगता येत नाही. जागी झाल्यावर माय म्हणाली, "वावरात गेल्ती वं मी. लय वेचला. ओटी भरली पाह्य." आणि उजव्या हातानं तिनं आपली रिकामी कंबर चाचपली.

हळूहळू तिचं बोलणं बदलायला लागलं. 'कोन्या बाईचा' जाऊन 'आपल्या बाईचा' झालं. एक दिवस म्हणाली, "माह्यासारखीच वेचते. माह्याच हाताखाली शिकली असन." मॅडमना फोन करून मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर दिशेनं चाललंय, थांबू नका.

आणि मग वरणाची वाटी उशीवर सांडली.

धुवायला म्हणून वहिनीनं उशीचे टाके उसवले. मी ओसरीवर पेपर तपासत बसले होते. आतून हाक आली, "ताई, याच्या दोन तारी तं सुट्ट्या हायेत. मी नाही तोडल्या बरं."

मी गेले. बघितलं. कापूस बाजूला करून पुन्हा बघितलं. पाच व्होल्टची तार जागेवर, ग्राउंडची जागेवर. मधल्या दोन तारा, निरोप नेणाऱ्या, जॉयस्टिकच्या पिनांवरून निसटून कापसात पडल्या होत्या. निसटलेल्या आजच्या नव्हत्या. त्यांच्या टोकांभोवती कापूस ठासून, घट्ट गोळा होऊन बसला होता, मी पहिल्या दिवशी अंगठ्यानं ठासला तसाच. म्हणजे उशीत कापूस भरतानाच त्या निघाल्या होत्या. म्हणजे पहिल्या दुपारपासून आजपर्यंत जॉयस्टिकचा निरोप बोर्डापर्यंत एकदाही पोचला नव्हता.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

आता जे जाणकार आहेत ते म्हणतील – मॅडम, लटकती पिन कधी गप्प बसत नाही. ती हवेतलं काहीबाही पकडते, घरातल्या वायरिंगची गुणगुण, माणसाचा स्पर्श, आणि मोटार हलते. बरोबर! मीही तेच म्हटलं, आणि जीव भांड्यात पडला. लॅपटॉप जोडला, आकडे पडद्यावर घेतले, तारा सुट्याच ठेवल्या आणि उशीवर माझा हात ठेवला. आकडे सैरावैरा. वर, खाली, मध्येच शून्य. यंत्राला हिवताप भरल्यासारखं ते जागच्या जागी कापायला लागलं. वहिनीचा हात ठेवला, तेच. कोणाचाच हात नाही, तेच. मग मायचा हात ठेवला.

आकडे शांत झाले. पाचशेबारा. मग एकेक करत चढायला लागले, सावकाश, एकही न गाळता. उतरले. पुन्हा चढले. यंत्र वेचायला लागलं. तेवढ्यात गावातली लाईट गेली, नेहमीसारखी. बोर्ड पॉवरबँकवर होता. वायरिंगची गुणगुण बंद, पंखा बंद, सगळं बंद... आणि ते वेचतच होतं. पुढे, खाली, डावीकडे.

वहिनी दारात उभी होती. ती इतकंच म्हणाली, "ताई, विहारात सांगून परित्राण पाठ ठेवू का घरी?"

म्हणजे घराच्या रक्षणासाठी भंतेजींकडून सुत्तं म्हणवून घ्यायची. मी तिच्यावर खेकसले. नको तेवढी खेकसले. बिचारी निघून गेली आणि संध्याकाळी मला जाऊन तिची समजूत काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. दोन्ही तारा नीट जोडल्या, जोडणी तीनदा तपासली, उशी शिवली, मायचा हात ठेवला. आता खरा निरोप येणार होता. आकडा आला – पाचशेबारा. पाचशेबाराच. मी वाट बघत राहिले. तो आकडा दगडासारखा होता. म्हणजे मायच्या बोटात काहीच नव्हतं, सुरुवातीपासून कधीच नव्हतं. डोळ्याला न दिसणारी हालचाल वगैरे सगळे माझ्या मनाचे खेळ.

माय स्टुलाकडे बघत होती. तिचा चेहरा उतरत उतरत गेला.

"गेली का वं थे?" तिनं विचारलं. "काही बोललं का कोनी तिले? आत्ता कुठं लागली होती कामाले."

खरं सांगायचं तर मला तेव्हा फिजिक्सही नको होतं आणि बाबांचा चष्माही नको होता. मी टाके उसवले, आत बोटं घातली आणि चांगल्या जोडलेल्या तारा माझ्या हातानं उपटल्या. माझ्या वर्गात एखाद्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. उशी परत मायच्या हाताखाली सरकवली. थोड्या वेळानं यंत्र हललं.

"आली पाह्य," माय म्हणाली. "रुसली होती."

त्यानंतर मी काही विचारायचं सोडून दिलं. कॉलेज, स्कूटी, कापसाची खोली, ती तरंगणारी लव. बाहेर कडक उन्हाळा लागला होता आणि आत त्या खोलीत सगळं तसंच, मऊ. एवढंच लक्षात यायला लागलं की यंत्र प्रत्येक पुंजका घेऊन डावीकडे ज्या जागी थांबतं, तिथे काहीच नाही. स्टूल नाही, टोपली नाही. रिकामी हवा. सुईला अडकलेला कापूस वहिनीच मधूनमधून काढून परत बोंडांत खोचायची. मग एकदा मी, माय पऱ्हाटीसमोर उभी आहे असं मनात धरून बघितलं. नेमकी त्या रिकाम्या जागी तिची कंबर आली असती. ओटी कुठे असते, हे मी त्या मोटारीला शिकवलं नव्हतं.

मग ती दुपार आली. हात ठेवला, स्विच दाबला, आणि यंत्र कापायला लागलं. जागच्या जागी. आकडे सैरावैरा, जसे माझ्या हाताखाली यायचे तसे. तारा सुट्या होत्या, रोजच्याच. मी बंद करून चालू केलं, हात उचलून पुन्हा ठेवला, बोर्ड बदलला. काही नाही. जे काही होतं ते गेलं होतं.

"आज काऊन वेचून नाही राह्यली?"

"थकली असन, माय."

"थकली म्हंजे? एवढं राह्यलं न पऱ्हाटीले." माय चिडली. माझ्याच मायचा राग तो, मला ओळखता येतो. "उठ न वं! ऐ बाई! वेच!" आणि हे बोलताना – इतक्या दिवसांत पहिल्यांदा – ती यंत्राकडे बघत नव्हती. उशीकडे बघत होती. उशीवर पडलेल्या त्या हाताकडे.

मी का केलं ते सांगता येत नाही. करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणा. मी उशीच्या उसवलेल्या जागेतून बोटं घातली आणि दोन्ही तारा जॉयस्टिकवर बसवल्या. कापणं थांबलं. पाचशेबारा.

पाचशेबारा.

पाचशे नऊ.

यंत्राला हिसका बसला. वेडावाकडा. सुई पऱ्हाटीत घुसली, फांदी मोडली, एक बोंड खाली पडलं. ती जुनी सफाई कुठेच नव्हती, नुकत्या रांगायला लागलेल्या लेकराचे हात पडतात तसं काहीतरी होतं. परत हिसका. मी यंत्राकडे बघणं सोडलं आणि उशीकडे बघितलं. मायची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दांडीवर घसरत होती. दिसत होतं! डोळ्याला दिसत होतं!

"मित्रा," माय म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "माह्या बोटाले कापूस लागून राह्यला वं."

माह्या म्हणाली ती. माह्या.

वहिनी कधी आत आली कळलं नाही. आम्ही दोघी त्या खाटेवर बसून मोठ्यानं रडलो आणि त्या खोलीत आमच्या रडण्याचाही आवाज झाला नाही. माय आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत होती. मग ती आपला भाजलेला डाग निरखायला लागली. "हे कवा भाजलं?" तिनं विचारलं. "सांगितलं नाही कोनी."

आता मायचा हात चांगला सुधारला आहे. कप धरते, वेणी घालायचा प्रयत्न करते, वहिनीला लसूण सोलून देते. दोन्ही हातांनी वेचणं आता व्हायचं नाही, तसं मॅडमनीही सांगितलंय. पण यंदा पहिला कापूस फुटला तेव्हा दादानं तिला बैलगाडीतून वावरात नेलं. तिनं हट्टानं ओटी बांधली, आणि डावा हात पुढे केला. सावकाश पुढे गेला, जरासा बुडाला, आणि कमरेशी येऊन क्षणभर थांबला. मी बांधावर होते. ती संथ, मध्येच थांबणारी चाल मी कापसाच्या खोलीत कितीतरी दुपारी बघितली होती, मायच्या हाताला ती येण्याच्या आधी.

त्या संध्याकाळी मी धीर करून विचारलं, "माय, थे बाई कोन होती?"

"कोनती बाई?"

"जे वेचत होती तुह्यापाशी. खाटेवर."

माय ओटीतला कापूस टोपलीत ओतत होती. तिला त्या प्रश्नात नवल करण्यासारखं काही दिसलं नाही. "मीच होती वं," ती म्हणाली. "जराशी दूर गेल्ती." आणि मला टोपली सरळ धरायला सांगितली.

माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना मी सगळे आकडे दाखवले. ते म्हणाले, तारा जोडलेल्याच असतील, तुमची बघण्यात चूक झाली. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, त्यामुळे भांडले नाही. लटकत्या पिनेचं, शरीरातल्या विजेचं, माझ्या प्रोग्रॅममधल्या चुकीचं, सगळं उलटंपालटं करून झालं. काही सापडलं नाही.

यंत्र अजून त्या खोलीत आहे. माय रोज थोडा वेळ व्यायाम म्हणून चालवते. त्या दोन तारा मी सोल्डर करून पक्क्या केल्या आहेत. प्रयोग पुन्हा केल्याशिवाय त्याला अर्थ नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि तारा एकदा काढून बघाव्यात असं मला दर दुपारी वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे. पण समजा काढल्या, आणि ते यंत्र पुन्हा पहिल्यासारखं सफाईनं चालायला लागलं... तर त्या वेळी मायचा हात कुठे असेल?

मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. खाली उंदीर, बिजागरी, काय सुचेल ते लिहा, मी सगळं वाचीन आणि जे तपासता येईल ते तपासीन. तारा मात्र काढणार नाही.